वाळा : एका घरगुती सापाच्या ओळखीचा इतिहास

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला कीं शहरांतील पुष्कळ घरांत एक प्रसंग हटकून घडतो. सकाळीं न्हाणीघराच्या मोरीपाशीं किंवा सज्जांतल्या कुंडीखालीं सुतळीच्या तुकड्यासारखें कांहींतरी काळें, चकचकीत वळवळत असतें. कोणी म्हणतो गांडूळ. कोणी जरा वांकून पाहतो, तों त्यास बारीकशी जीभ लवलवतांना दिसते. मग ‘साप, साप’ असा गलबला होतो. खराटा येतो, बंबांतलें कढत पाणी येतें, नाहींतर पायांतली चप्पलच कामास येते, आणि अर्ध्या मिनिटांत प्रकरण मिटतें. नंतर घरांतील वडील माणूस निर्वाळा देतो कीं हें नागाचें पिल्लूं होतें आणि त्याचे आईबाप जवळपासच असले पाहिजेत. पुढें दोन दिवस मुलांना अनवाणी फिरूं देत नाहींत.

मेलेला जीव बहुधा नागाचें पिल्लूं नसतो. तो पूर्ण वाढ झालेला, अंडीं घालण्याच्या वयाचा, आपल्या जातींतला प्रौढ साप असतो. त्याचें नांव वाळा. हा शब्द मराठी घरांत तीन ठिकाणीं भेटतो. उन्हाळ्यांत माठाच्या पाण्यांत सोडतात तो सुगंधी मुळांचा वाळा. तान्ह्या मुलाच्या पायांत घालतात तो चांदीचा वाळा. आणि पावसाळ्यांत मोरींत निघतो तो हा तिसरा. पहिल्या दोघांचें कौतुक होतें. तिसऱ्याजवळ विष नाहीं, माणसाच्या कातडीस इजा करील एवढें तोंड नाहीं, आणि वाटेंतून बाजूस होण्यापलीकडे त्याची कांहीं मागणीही नाहीं. तरी तो दर वर्षीं मारला जातो.

सापाची भीति हसण्यावारी नेण्यासारखी मुळींच नाहीं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षाकांठीं सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत केलेला आहे. ज्या देशांत मण्यार रात्रीं अंथरुणापर्यंत येते, त्या देशांत मोरींतल्या सापाकडे कोणी कौतुकानें पाहत बसावें अशी अपेक्षा करणें हाच मूर्खपणा होईल. भीति खरी आहे. चूक होते ती ओळखण्यांत. आणि या एका बाबतींत सामान्य गृहस्थानें फारसा संकोच मानण्याचें कारण नाहीं, कारण ज्या सापाचा मुक्काम माणसाच्या इतक्या जवळ, त्याची खरी ओळख पटण्यास विद्वानांनाही जवळ जवळ दोन शतकें लागलीं.

या कथेचा आरंभ विशाखापट्टणास होतो. पॅट्रिक रसेल हा स्कॉटलंडचा वैद्य. सीरियांतील अलेप्पो शहरांत त्यानें बरींच वर्षें वैद्यकी केली होती, आणि तेथील प्लेगच्या सांथीवर लिहिलेल्या ग्रंथामुळें त्याचें नांव युरोपांत माहीत झालें. १७८१ मध्यें तो हिंदुस्थानांत आला. त्याचा भाऊ क्लॉड हा विशाखापट्टणास ईस्ट इंडिया कंपनीचा मोठा अधिकारी होता. भावाची सोबत आणि वनस्पति गोळा करण्याची हौस, या दोन ओढींनीं हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ एवढ्या दूर आला. १७८५ मध्यें कंपनीनें त्यास मद्रास इलाख्यांत आपला निसर्गशास्त्रज्ञ नेमिलें. कोरोमांडलच्या किनाऱ्यावर वैद्याच्या नजरेस जें सर्वांत आधीं पडावें तेंच त्याच्याही पडलें: साप चावून माणसें मरत होतीं, आणि चावलेला साप विषारी कीं बिनविषारी हें कोणासच धड सांगतां येत नव्हतें. तेव्हां रसेलनें साप गोळा करण्यास आरंभ केला.

त्याचा ग्रंथ १७९६ मध्यें लंडन येथें कंपनीच्या आज्ञेनें निघाला. त्यांत ४६ चित्रफलक आहेत. रसेलची एक गोष्ट आजच्या वाचकासही आदरणीय वाटेल. साप आणून देणारे लोक त्याला ज्या नांवानें हांक मारीत तें तेलुगू नांव त्यानें जसें कानावर पडलें तसें टिपून ठेविलें. परक्या विद्वानांत हा सौजन्याचा भाग त्या काळीं दुर्मिळच होता. विषारी सापांपैकीं घोणशीला पुढें रसेलचेंच नांव मिळालें आणि तें आजतागायत चालू आहे. त्रेचाळिसाव्या फलकावर मात्र एक अगदींच किरकोळ साप आहे, आणि त्याचें नांव दिलें आहे ‘रोंडू तलुलू पाम’. तेलुगूंत रेंडु म्हणजे दोन, तल म्हणजे डोकें आणि पामु म्हणजे साप. दोन डोक्यांचा साप! हाच आपला वाळा.

हें नांव देणाऱ्यांची नजर वाईट नव्हती. वाळ्याचें अंग डोक्यापासून शेंपटीपर्यंत एकाच जाडीचें. मान नाहीं, शेंपूट निमुळतें होत गेलेलें नाहीं. दोन्हीं टोंकें बोथट. त्यांतून तो जसा पुढें सरकतो तसा अडचणींत सांपडला असतां शेंपटीच्या टोंकानेंही चांचपडतो. पाहणाऱ्यास वाटावें, हेंही एक डोकेंच. महाराष्ट्रांत मांडुळाला दुतोंड्या म्हणतात तें याच न्यायानें. मांडुळाच्या वाट्यास या नांवामुळें जो छळ आला आहे तो वेगळाच. गुप्तधन आणि जादूटोणा यांच्या नादानें त्याची चोरटी विक्री होते आणि मांडूळ पकडून नेणाऱ्यांवर खटले चालतात. वाळा लहान असल्यामुळें या भाग्यापासून वांचला.

दोन डोक्यांच्या गैरसमजुतीला अडाणी लोकांची समजूत म्हणून नाक मुरडण्यापूर्वीं पॅरिसकडे पाहावें. तेथें फ्रांस्वा मारी दोदँ नांवाचा एक तरुण विद्वान सरपटणाऱ्या प्राण्यांवर आठ भागांचा ग्रंथ लिहीत होता. लहानपणींच्या दुखण्यानें त्याचे पाय लुळे पडलेले होते. बाहेर फिरून प्राणी गोळा करणें त्याच्या नशिबीं नव्हतें. तो इतरांनीं जमविलेल्या नमुन्यांवरून, चित्रांवरून आणि पुस्तकांवरून काम करी, आणि त्याची पत्नी त्याला चित्रें काढून देई. विशाखापट्टणचा साप त्यास रसेलच्या चित्रांत भेटला, आणि १८०३ मध्यें त्यानें त्याचें शास्त्रीय बारसें केलें: ‘एरिक्स ब्रामिनस’. एरिक्स हा गण दोदँनेंच आपल्या ग्रंथांत नव्यानें मांडलेला; मांडूळ आजही त्याच गणांत आहे. म्हणजे तेलुगू शेतकरी आणि फ्रेंच पंडित, दोघेही बोथट शेंपूट पाहून एकाच जागीं फसले. गण चुकला, पण ‘ब्रामिनस’ हें उपपद मात्र दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या सापाला चिकटून राहिलें. त्याच सालीं दोदँ वारला. त्याचें वय तीस वर्षांचेंही नव्हतें.

त्या काळीं सापांची जात ठरविण्याची जी रीत होती तिच्यांतही वाळा बसत नव्हता. लिनियसनें घालून दिलेली रीत अशी कीं, सापाच्या पोटाखालचे रुंद, आडवे खवले मोजावे, शेंपटीखालचे मोजावे, आणि त्या आंकड्यांवरून जात ओळखावी. नागास, धामणीस, मण्यारीस हे रुंद खवले असतात. त्यांच्या आधारानेंच साप जमीन धरून चालतो. वाळ्याचें पोट उलटून पाहिलें तर तेथें पाठीसारखेच बारीक, गुळगुळीत, कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. अंगाभोंवतीं वीस रांगा, सगळ्या सारख्या. पोट कोणतें आणि पाठ कोणती हेंच क्षणभर कळत नाहीं. जमिनीवर चालणाऱ्या सापांचें माप जमिनींत राहणाऱ्यास लागू करूं गेल्यामुळें ही पंचाईत झाली. पुढें या सर्पांसाठीं निराळा गण काढण्यांत आला. त्याचें नांव ग्रीक भाषेंतील ‘आंधळा’ या शब्दावरून टिफ्लॉप्स असें ठेविलें, आणि एकोणिसाव्या शतकांत वाळ्याची त्यांत रवानगी झाली. तें नांवही तंतोतंत खरें नव्हे. वाळ्यास डोळे आहेत. पण ते अर्धपारदर्शक खवल्यांखालीं झांकलेले असून दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. आकृति दिसत नसली तरी उजेड आणि अंधार यांतला भेद त्यास कळतो. दिव्याच्या प्रकाशांत तो जी तडफड करतो ती चावण्यासाठीं नव्हे, अंधार शोधण्यासाठीं.

असो. नांवाचा हा घोळ चालू असतां साप स्वस्थ बसला नव्हता. गलबतांतून रोपें जात, रोपांबरोबर मुळांना लगडलेली माती जाई, आणि मातींत वाळा किंवा त्याचीं अंडीं जात. दक्षिण आशियांतला हा जीव पूर्वेकडील बेटें, आफ्रिकेचा किनारा, मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स, मेक्सिको असा पसरत गेला. जेथें सांपडे तेथील पंडितास वाटे कीं ही आपल्या मुलखांतली नवीच जात. केपच्या वसाहतींत १८४६ मध्यें त्याला ‘केपचा’ म्हणून नवें नांव मिळालें. हवाई बेटांवर तर जमिनीवर राहणारा एकही साप वस्तीला नव्हता. तेथें १९३० मध्यें फिलिपाइन्सहून आणलेल्या रोपांच्या मातींतून हा उतरला असें मानतात. पुढें ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा आणि अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथेंही त्यानें बिऱ्हाड केलें. इंग्रजींत त्याला कुंडींतला साप असेंच नांव पडलें आहे. जमिनीवरच्या सापांत एवढा मोठा प्रदेश व्यापणारा दुसरा साप नाहीं. नाग, अजगर यांच्या कथांनीं पुराणें भरलीं. जग मात्र फिरून आला तो सहा इंचांचा वाळा.

एवढा प्रवास त्यास साधला कसा, याचें उत्तर शोधतां शोधतां त्याचें खरें रहस्य बाहेर आलें. कोणत्याही प्राण्याला नव्या बेटावर वस्ती करावयाची तर नर आणि मादी अशी जोडी पोंचली पाहिजे, आणि दोघांची गांठ पडली पाहिजे. मातीच्या ढेंकळांतून जाणाऱ्या सापांच्या बाबतींत हा योग वारंवार येणें कठीण. जगभरच्या संग्रहालयांत बरण्या भरभरून वाळे ठेविलेले होते; त्यांचे खवले शंभर वेळां मोजले गेले होते. १९७४ मध्यें सॅम्युएल मॅक्डॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें न्यू गिनींतील सापांची यादी करतांना लक्षांत आणून दिलें कीं, या सापांत नर सांपडत नाहींत. सगळ्या माद्याच, आणि त्या नरावांचून प्रजा निर्माण करीत असाव्यात. १९८० मध्यें रोनाल्ड नुसबाउम यानें सेशेल्स बेटांवरील वाळ्यांचा अभ्यास करून या मताला आणखी बळकटी आणली. आणि १९८७ मध्यें विन, कोल आणि गार्डनर या तिघांनीं पेशींतील गुणसूत्रें मोजून पाहिलीं. बहुतेक प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. वाळ्यांत निघालीं ४२, म्हणजे चौदांचे तीन संच. अशा विषम संचांच्या प्राण्यांत नेहमींच्या रीतीनें प्रजोत्पत्ति बहुधा जमत नाहीं; मादीच्या अंड्यांतून आईचीच प्रतिमा असलेली मुलगी बाहेर पडते. मराठी व्याकरणांत वाळा पुल्लिंगी आहे खरा, परंतु प्रत्यक्षांत मोरींत निघणारा प्रत्येक वाळा ही मादीच असते. घरांतील वडील मनुष्य ज्या ‘आईबापां’ची धास्ती घालतो त्यांपैकीं बाप तर या जातींत जन्मासच आलेला नाहीं.

यावरून प्रवासाचा उलगडा झाला. कुंडींत एक वाळा असला म्हणजे पुरे. तीच एकटी नव्या वस्तीची मूळ स्त्री. एका वेळेस ती फार तर सात-आठ अंडीं घालते, तांदळाच्या दाण्याहून थोडीं मोठीं, आणि कुंडीच्या ओलसर मातींत तीं उबतात. २०१४ मध्यें आंधळ्या सापांच्या कुळाची नवी मांडणी झाली तेव्हां वाळ्यास ‘इंडोटिफ्लॉप्स’ या गणांत घातलें. दोदँनें दिलेलें उपपद याही वेळीं कायम राहिलें.

हिंदुस्थानांतील सुशिक्षित घरांपर्यंत ही माहिती पोंचली नाहीं याचें एक कारण उघड आहे. मुंबईची निसर्गेतिहास संस्था १८८३ मध्यें स्थापन झाली आणि सापांविषयींचें शास्त्रशुद्ध ज्ञान लोकांत पसरविण्याचें मोठें काम तिनें केलें. फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरनें तिच्या त्रैमासिकांत सामान्य सापांवर रंगीत चित्रांसह लेखमाला लिहिली; १९०७ मध्यें विषारी साप कसे ओळखावे यावर त्याचें पुस्तक निघालें आणि पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. पु. ज. देवरस यांचें सापांवरील पुस्तक १९६५ मध्यें आलें. परंतु जीव वांचविण्याची निकड असल्यामुळें लोकांच्या ध्यानांत राहिले ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. चार शत्रूंचीं तोंडें पाठ झालीं, आणि बाकीचे सारे संशयित ठरले. वाळ्यावर तर आणखी दोन आरोप आहेत: एक, तो निजलेल्या माणसाच्या कानांत शिरतो, दुसरा, तो शेंपटीनें डंख मारतो. पहिल्यास आधार नाहीं. दुसऱ्यास आहे तो एवढाच कीं, त्याच्या शेंपटीच्या टोंकास एक बारीकसा कांटा असतो. मातींत पुढें रेटतांना तो त्याचा टेंका आहे. हातांत धरल्यास तो हा कांटा टोंचूं पाहतो आणि एक उग्र वास सोडतो. त्याची सारी शस्त्रसामग्री ती एवढीच.

त्याचें भक्ष्य म्हणजे मुंग्यांचीं अंडीं, कोश आणि वाळवी. दांत वरच्या जबड्यासच, खालच्यास नाहींत. २०१५ मध्यें जपानी अभ्यासकांनीं पाहिलें कीं वाळवी खातांना तो कित्येकदां तिचें टणक डोकें जमिनीवर घांसून तोडून टाकतो आणि मऊ धड तेवढें गिळतो; सापाच्या खाण्यांत असला निवडकपणा फार विरळा. आणि त्याच्या चिवटपणाची एक हकीकत २०१३ मध्यें पूर्व तिमोरहून प्रसिद्ध झाली. एका भेकानें गिळलेला वाळा त्याच्या पोटांतून सगळा मार्ग आक्रमून दुसऱ्या टोंकानें जिवंत बाहेर पडला! बिचारा कांहीं तासांतच मेला, तो भाग निराळा.

आतां प्रत्यक्ष ओळख. वाळा चार ते सात इंच लांब, शिसपेन्सिलींतल्या शिशाहून थोडा जाड, काळसर तपकिरी, तेल लावल्यासारखा चमकदार. गांडुळाशीं त्याची गल्लत होते, पण गांडूळ ओलें व चिकट असतें, त्याच्या अंगावर वळीं असतात आणि तें आंखडत-ताणत चालतें. वाळा कोरडा असतो, अंगावर वळीं नसतात, तो नागमोडी सरकतो आणि थोड्या थोड्या वेळानें जीभ बाहेर काढतो. कोंकणांत व सह्याद्रीच्या पायथ्याशीं पावसांत देवगांडूळ निघतें. तें गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, बेडकाच्या वर्गांतला तो प्राणी आहे, आणि त्याच्या ओलसर अंगावरील कडीं स्पष्ट दिसतात. वाळ्याहून पुष्कळ लांब आणि तोंड चोंचीसारखें पुढें आलेला असा दिसला तर तो चंचुवाळा; तोही तितकाच निरुपद्रवी. घाटांतल्या बागांत खणतांना शेंपूट तिरपें कापून टाकल्यासारखा जाडसर साप निघतो तो खापरखवल्या. त्याचीही भीति नको.

खरी सावधगिरी ठेवावयाची ती एका ठिकाणीं. अंड्यांतून नुकतें निघालेलें मण्यारीचें पिल्लूंही काळें आणि चकचकीत असतें, आणि त्याच्याजवळ विष असतें. परंतु तें जन्मतःच नऊदहा इंच भरतें, त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात, डोळे नीट दिसतात, शेंपूट निमुळतें असतें, आणि पोटाखालीं लिनियसनें मोजावयास सांगितलेले ते रुंद खवले असतात. तेव्हां पट्टे दिसले, किंवा लांबी वीतभराहून जास्त वाटली, किंवा मनांत जराही संशय आला, तर हात लावूं नये. दार लोटून जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. सुतळीएवढें बारीक, दोन्हीं टोंकें सारखीं, डोळ्यांच्या जागीं नुसते ठिपके, अशी खूण पटली तर मात्र एक जाड कागद त्याच्यापुढें धरावा आणि केरसुणीच्या मऊ टोंकानें त्यास त्यावर सारावें. तो कागदावर क्षणभर गोंधळल्यासारखा फिरेल. कुंडींतील किंवा अंगणांतील ओल्या मातीवर सोडतांच तो डोकें खुपसतो, शेंपटीचा कांटा टेंकतो, आणि पाहतां पाहतां मातींत नाहींसा होतो.